ठिणगीची वेळ साधणारा माणूस : चार्ल्स केटरिंग



'थोरांची ओळख' या सदरात आपण आतापर्यंत संत, समाजसुधारक आणि देशभक्त पाहिले. या वेळी एका इंजिनियरची गोष्ट सांगणार आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईबाबा मोटारींच्या कारखान्यांत किंवा त्यांच्याशी संबंधित कचेऱ्यांत काम करतात, म्हणून हा माणूस आपल्याला जवळचा वाटायला हरकत नाही. शनिवारी सकाळी बाबा किल्ली फिरवतात, गाडी सुरू होते आणि तुम्ही डोळे चोळत मराठीच्या वर्गाला येता. त्या किल्लीमागे या माणसाचा हात आहे. त्याचे नाव चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावाजवळच्या एका शेतावर झाला. पाच भावंडांतले ते चौथे. घर शेतकऱ्याचे, त्यामुळे लहानपणापासून अंगमेहनतीची सवय. मुलगा हुशार होता, पण डोळे अधू होते. थोडे वाचले तरी डोके ठणकायला लागे. शाळा संपल्यावर त्यांनी काही काळ खेड्यातल्या एकखोली शाळेत मास्तरकी केली. पुढे ओहायो स्टेट विद्यापीठात नाव घातले, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले. मग ते टेलिफोनचे खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या टोळीत कामाला लागले. मोकळ्या हवेत राहून डोळ्यांना आराम मिळाला आणि विजेची प्रत्यक्ष ओळखही झाली. नंतर ते पुन्हा विद्यापीठात गेले. खोलीतले सोबती धडे मोठ्याने वाचत आणि केटरिंग ऐकून ते लक्षात ठेवत. १९०४ साली त्यांना विद्युत अभियांत्रिकीची पदवी मिळाली, तेव्हा त्यांचे वय जवळजवळ २८ होते. कोणाला शिकायला उशीर झाला म्हणून नाउमेद व्हायचे कारण नाही, हे यातून लक्षात घ्या.

पदवीनंतर त्यांना डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत नोकरी लागली. पुढच्याच वर्षी ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी त्यांचे लग्न झाले. दुकानातला गल्ला त्या काळी हाताने दांडा फिरवून उघडत असत. केटरिंग यांनी त्याला विजेची मोटर लावली. एवढीशी मोटर हे काम कसे करणार, अशी लोकांना शंका होती. पण गल्ल्याची मोटर दिवसभर फिरत नाही, क्षणभर जोर लावते आणि थांबते, हे केटरिंग यांनी ओळखले होते. लहान मोटरकडून क्षणभर मोठे काम करून घेता येते. ही गोष्ट लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा येणार आहे.

याच कंपनीत त्यांना एडवर्ड डीड्स हे वडीलधारे स्नेही भेटले. डीड्स यांच्या घरामागे एक कोठार होते. नोकरी सांभाळून केटरिंग आणि त्यांचे काही सोबती संध्याकाळी आणि रात्री त्या कोठारात जमत आणि मोटारगाड्यांच्या ठिणगीवर प्रयोग करत. १९०९ साली केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्याबरोबर 'डेटन इंजिनियरिंग लॅबोरेटरीज कंपनी' काढली. या नावाच्या आद्याक्षरांवरून 'डेल्को' हे नाव पडले.

आता थोडे इंजिनाबद्दल बोलू या, म्हणजे पुढची गोष्ट नीट समजेल.

पेट्रोलच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, येते. पिस्टन वर जाताना ते मिश्रण दाबले जाते. मग प्लगमध्ये ठिणगी पडते, मिश्रण पेटते, वायू फुगतात आणि पिस्टनला खाली ढकलतात. ठिणगी पडली की सगळे मिश्रण एकदम पेटते, असे पुष्कळांना वाटते. तसे नसते. गवताच्या गंजीला एका टोकाला काडी लावली, तर आग हळूहळू दुसऱ्या टोकाला पोचते. इंजिनातही ज्योत प्लगपासून निघून दुसऱ्या कडेपर्यंत जाते. तिला साधारण दोन-तीन सहस्रांश सेकंद लागतात.

तेवढा वेळ काय मोजायचा, असे वाटेल. पण गणित करून पाहा. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर एका फेऱ्याला २० सहस्रांश सेकंद लागतात. म्हणजे दोन सहस्रांश सेकंदांत फेऱ्याचा दहावा भाग, म्हणजेच ३६ अंश, उलटून जातो. ज्योत पसरेपर्यंत पिस्टन बराच पुढे गेलेला असतो. म्हणून ठिणगी पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आधीच टाकावी लागते. याला 'टायमिंग ॲडव्हान्स' करणे म्हणतात.

तुम्ही धाकट्या भावंडाला झोका देता ना? झोका मागे येऊन परतायला लागला की धक्का द्यायचा. तो अजून तुमच्याकडे येत असताना ढकलले, तर हाताला दणका बसतो आणि झोका अडखळतो. तो पुढे निघून गेल्यावर ढकलले, तर हात नुसता हवेत जातो. ठिणगीचेही असेच आहे. ती फार लवकर पडली, तर पिस्टन वर येत असतानाच दाब त्याला उलटा ढकलतो. फार उशिरा पडली, तर पिस्टन खाली निघून गेलेला असतो, जोर मिळत नाही आणि उरलेली उष्णता धुराड्यावाटे वाया जाते. गाडी मरगळते, तापते आणि पेट्रोल जास्त पिते.

त्या काळातल्या गाड्यांत ही वेळ चालकाला स्वतः सांभाळावी लागे. फोर्डच्या मॉडेल टी गाडीत स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला त्यासाठी छोटी दांडी असे. वेग वाढला की ठिणगी पुढे घ्यायची, चढ लागला की थोडी मागे. गाडी सुरू करताना तर ठिणगी मागे घेण्याला फार महत्त्व होते, कारण तेव्हा इंजिन हाताने हँडल मारून सुरू करत. ठिणगी चुकून पुढे राहिली, तर इंजिन उलटा झटका देई आणि लोखंडी हँडल माणसाच्या हातावर आदळे. मनगटे मोडत, हात मोडत. कॅडिलॅक कंपनीचे प्रमुख हेन्री लेलंड यांच्या एका परिचिताला अशाच अपघातात प्राण गमवावे लागले आणि त्यामुळे लेलंड फार व्यथित झाले, असे डेट्रॉइटमध्ये नेहमी सांगितले जाते.

लेलंड हे केटरिंग यांचे पहिले मोठे गिऱ्हाईक. त्या वेळच्या ठिणगीच्या यंत्रणेत कोरड्या बॅटऱ्या लवकर संपत आणि ठिणगीही भरवशाची नसे. केटरिंग यांनी अशी रचना केली की प्रत्येक वेळी एकच जोरदार ठिणगी पडावी आणि बॅटरीची वीज वाचावी. १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत ती बसवली गेली. बॅटरी, कॉइल, उघडझाप करणारे पॉइंट, कंडेन्सर आणि प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर अशी तिची पुढे रूढ झालेली मांडणी जगभर 'केटरिंग इग्निशन' म्हणून ओळखली गेली. स्पॅनिश भाषेत तर डिस्ट्रिब्युटरला 'डेल्को' असेच म्हणतात. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीतही हीच मांडणी असे. ती टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून गेली, पण तुमच्या आजोबांना विचारा. गाडी 'मिसिंग' करायला लागली की गॅरेजवाला आधी प्लग साफ करी, पॉइंट घासून त्यांची फट बसवी आणि मग डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून टायमिंग लावी.

लेलंड यांच्या मनात हँडलच घालवायचे होते. विजेच्या मोटरने इंजिन सुरू करायचे, तर मोटर फार मोठी लागेल आणि ती गाडीत मावणारही नाही, असे जाणकारांचे मत होते. इथे केटरिंग यांना दुकानातला गल्ला आठवला. स्टार्टरलाही दिवसभर फिरायचे नसते, काही सेकंदच जोर लावायचा असतो. त्यांनी लहान मोटर बसवली आणि इंजिन सुरू झाल्यावर तिच्याकडूनच बॅटरी भरून घ्यायची सोय केली. फेब्रुवारी १९११ मध्ये ती कॅडिलॅकवर चालवून दाखवली आणि १९१२ च्या गाड्यांत स्टार्टर आला. हँडल फिरवायला अंगात जोर लागे, त्यामुळे आतापर्यंत अनेक स्त्रियांना आणि वृद्धांना गाडी एकट्याने नेता येत नसे. ती अडचण गेली.

पण नवेच संकट उभे राहिले. चढावर किंवा जास्त भार असताना गाड्यांच्या इंजिनातून टकटक ठोके ऐकू येऊ लागले. दोष कोणावर आला? नव्या विजेच्या ठिणगीवर, म्हणजेच केटरिंग यांच्यावर. डेल्को कंपनीने शेतावरच्या घरांसाठी रॉकेलवर चालणारी वीज-इंजिने काढली होती, तीही अशीच ठोकत. आपले काम खरेच सदोष आहे का, हे तपासून पाहायचे त्यांनी ठरवले. १९१६ साली त्यांनी हे काम थॉमस मिज्ली या तरुणाकडे सोपवले. मिज्ली शिक्षणाने यंत्र अभियंता होते, रसायनशास्त्रज्ञ नव्हते.

भार पडला की इंजिनात काय होते, ते इथे समजून घेऊ. चढावर आपण ॲक्सिलरेटर दाबतो, तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरते आणि दाब वाढतो. त्यामुळे दोन वेगळ्या तक्रारी उद्भवतात. पुष्कळ लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली तक्रार मिसिंगची. दाबलेल्या मिश्रणातून ठिणगीला उडी मारायची असते. दाब जितका जास्त, तितकी उडी मारायला जास्त व्होल्टची वीज लागते. प्लग झिजून फट रुंद झाली असेल, वायर फुटली असेल किंवा कॉइल कमजोर असेल, तर सपाट रस्त्यावर गाडी सुरळीत चालते आणि चढावर मात्र धक्के देते. काही वेळा ठिणगी पडतच नाही. केटरिंग यांच्या पद्धतीत वेग वाढल्यावरही एक अडचण येते. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. म्हणजे दोन ठिणग्यांमध्ये कॉइलला पुन्हा तयार व्हायला एक शतांश सेकंदही पुरता मिळत नाही. वेग दुप्पट झाला की वेळ निम्मा होतो आणि ठिणगी दुबळी पडते.

दुसरी तक्रार ठोक्यांची. इथे ठिणगी वेळेवर पडते आणि ज्योतही नीट निघते. पण ती पलीकडच्या कडेला पोचण्याआधीच तिथले तापलेले, दाबलेले मिश्रण आपोआप भडकते. दाब एकदम उसळतो आणि हातोडा मारल्यासारखा आवाज येतो. टायमिंग फार पुढे असेल, तर हे जास्त होते. टायमिंग मागे घेतले की ठोका थांबतो, पण जोरही कमी होतो. ठोका फार वेळ चालू राहिला, तर पिस्टनची नासाडी होते.

मिज्ली यांनी इंजिनाला स्फटिकाची खिडकी बसवून आतली ज्योत पाहिली. दाबाची उसळी ठिणगीनंतर येते, असे प्रयोगांतून दिसले. म्हणजे दोष ठिणगीचा नव्हता, इंधनाचा होता. केटरिंग यांच्यावरचा ठपका पुसला गेला. त्यांना तिथे थांबता आले असते, पण ते थांबले नाहीत. ठोका टळला, तर मिश्रण अधिक दाबता येईल आणि तेवढ्याच पेट्रोलमध्ये जास्त काम होईल, हे त्यांना दिसत होते.

आता एक गंमत ऐका. बर्फाखालीही लवकर फुलणारे एक रानफूल असते, त्याची पाने तांबूस असतात. ती पाने उष्णता शोषून घेत असतील, तर रॉकेलला लाल रंग दिल्यास ते नीट जळेल का, अशी कल्पना निघाली. प्रयोगशाळेत तेलात विरघळणारा लाल रंग नव्हता, म्हणून मिज्ली यांनी आयोडीन घातले. ठोका थांबला! मग खरेखुरे लाल रंग आणून घातले, तर काहीच फरक पडला नाही. रंगाची कल्पना साफ चुकीची होती. पण एखादा पदार्थ चिमूटभर घातला तर ठोका थांबतो, हे त्या चुकीमुळेच कळले. आयोडीन महाग आणि धातू खाणारे, म्हणून शोध चालू राहिला. अनेक पदार्थ तपासून झाल्यावर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, हाती लागले. अगदी थोडे घातले तरी ठोका बंद. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन शहरात असे पेट्रोल प्रथम विकले गेले.

मुलांनो, इथून गोष्ट कठीण होते. शिसे विषारी आहे, हे तेव्हाही माहीत होते. मिज्ली स्वतः १९२३ साली त्याच्या विषबाधेने आजारी पडले. जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून १९२४ साली हे द्रव्य विकणारी कंपनी काढली आणि केटरिंग तिचे अध्यक्ष झाले. कंपनीच्या नावात 'एथिल' होते, शिशाचा उल्लेख नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे ते बनवणाऱ्या कारखान्यात पाच कामगार विषबाधेने मरण पावले आणि कित्येकांना इस्पितळात ठेवावे लागले. १९२५ साली विक्री थांबवून सरकारने परिषद बोलावली. कामगारांच्या आजारांचा अभ्यास करणाऱ्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी शिशाविरुद्ध बजावले. केटरिंग यांनी कंपनीची बाजू मांडली. अल्कोहोल मिसळूनही ठोका थांबतो, हे त्यांच्याच प्रयोगशाळेला ठाऊक होते. पण अल्कोहोल पुष्कळ मिसळावे लागते आणि त्याच्यावर कोणाची मालकी नव्हती. शिसे चिमूटभर पुरे आणि त्यात नफा मोठा. १९२६ साली विक्री पुन्हा सुरू झाली.

पुढची पन्नास वर्षे आणि त्याहून जास्त काळ जगभरच्या गाड्या शिशाचा धूर सोडत राहिल्या. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा फार वाईट परिणाम होतो. अमेरिकेत १९७५ पासून नव्या गाड्यांना बिनशिशाचे पेट्रोल लागू लागले, कारण धूर साफ करणारे उपकरण शिशाने निकामी होते. १९९६ पासून रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाच्या पेट्रोलवर बंदी आली. भारतात ते २००० साली बंद झाले आणि अल्जीरियात, सर्वांत शेवटी, २०२१ साली. आजच्या इंजिनाला बारीक आवाज ऐकणारा सेन्सर बसवलेला असतो. ठोक्याची चाहूल लागताच संगणक टायमिंग किंचित मागे घेतो. जे काम शिशाकडून करून घेतले, त्यातले बरेचसे आता नेमक्या वेळेने साधते.

केटरिंग यांच्या आयुष्यात अपयशही आले. १९२० ते १९४७ ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांनी पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांनी आणि हवेने थंड होणारे इंजिन काढले. १९२३ साली ते शेवरलेट गाड्यांत आले, पण उन्हात आणि भाराखाली तापून ठोकू लागले. सगळ्या गाड्या परत घ्याव्या लागल्या. केटरिंग फार खचले आणि राजीनामा द्यायला निघाले. कंपनीचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना राहायला लावले. पुढे केटरिंग यांनी आगगाडीसाठी हलके डिझेल इंजिन घडवून घेतले. १९३४ ची प्रसिद्ध झेफिर गाडी त्यावरच धावली.

१९४५ साली न्यूयॉर्कमध्ये कर्करोगाच्या संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्था स्थापन झाली. तिच्या नावातले केटरिंग हेच. पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी ऑलिव्ह कर्करोगाने वारल्या. केटरिंग स्वतः २५ नोव्हेंबर १९५८ रोजी डेटन येथे वारले. डेटनशेजारचे एक शहर आणि मिशिगनमधील फ्लिंटचे एक विद्यापीठ त्यांच्या नावाने ओळखले जाते.

तर अशा माणसाला आपण थोर म्हणायचे की नाही? हा प्रश्न मी तुमच्यावरच सोपवतो. हाताची हाडे वाचवणारा तोच आणि हवेत शिसे पसरवण्यात वाटा असणाराही तोच. त्यांच्या चिकाटीकडून, चुकीच्या कल्पनेतूनही शिकण्याच्या वृत्तीकडून पुष्कळ घेण्यासारखे आहे. पण १९२५ साली धोक्याची सूचना मिळाली होती आणि ती ऐकण्याची तीच वेळ होती. ती वेळ चुकली आणि तिची किंमत त्यांनी नव्हे, तर पुढच्या मुलांनी मोजली.

पुढच्या शनिवारी वर्गात यावर चर्चा करू. येताना घरी एकदा विचारून या : आजोबांची किंवा बाबांची पहिली गाडी कोणती होती, आणि ती घाट चढताना कशी चालायची? जे ऐकाल ते दहा ओळींत मराठीत लिहून आणा.